शाक्यांच्या नगरीतला मोर्चा आणि आपण



नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. राजकारणापायी कुठे कुणाचा खून पडतो, कुठे वस्तीवर हल्ला होतो, कुठे सभा उधळली जाते. दोन-चार दिवसांनी त्या हिंसेच्या निषेधाचा मोर्चा ठरतो आणि निरोप घरोघर येतो. मग घरात दोन तट पडतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपण आता बुद्धाचे झालो. आपल्याला शांती सांगितली आहे. वंदना घ्यावी, पोरांना शिकवावे, रस्त्यावरच्या भानगडीत पडू नये." तरुण म्हणतात, "शांतीने कुणाचे भले झाले? त्यांनी एक दगड मारला तर आपण दोन मारू." आणि घरातली आई दोघांकडे पाहत एवढेच विचारते, "पोराच्या नावावर केस पडली तर त्याच्या नोकरीचे काय?"

या पाठात आपण या तिघांनाही उत्तर द्यायचे आहे. पहिली दोन मते धम्माला धरून नाहीत, हे पुढे दिसेलच. आईचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला खरेच उत्तर दिले पाहिजे. आपल्या पोराला शाळेत घालताना आपण काय काय सोसले हे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

कपिलवस्तूच्या रस्त्यावर

परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आज तो बहुतेक विहारांत आहे, पुष्कळ घरांतही आहे. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे जे कारण बाबासाहेबांनी त्यात दिले आहे ते आपल्याला माहीत असते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून एका रात्रीत राजपुत्र पळून गेला, ही जुनी कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही.

खरे कारण रोहिणी नदीचे पाणी. नदीच्या एका अंगाला शाक्य, दुसऱ्या अंगाला कोलीय. दोघांची शेती त्याच पाण्यावर. आपल्या भागात पाटाच्या पाण्यावरून भाऊ भावाच्या अंगावर जातो, तेव्हा ही गोष्ट समजायला फार लांब जावे लागत नाही. पाणी आधी कुणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहिला. आधी दोष कुणाचा याची चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असे त्याचे म्हणणे होते. मतदानात ते पडले. बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. बहुमत मानले नाही तर घरादारावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, असा धाक सेनापतीने घातला. तेव्हा सिद्धार्थाने शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली आणि परिव्रज्या स्वीकारून तो देश सोडून गेला.

आपल्यापैकी बहुतेकांना कथा येथपर्यंत पाठ असते. पुढची पाने मात्र वाचायची राहून जातात, आणि आजच्या पाठाचे मर्म त्या पानांत आहे.

गौतम राजगृहाला पोहोचला. काही दिवसांनी तेथे पाच परिव्राजक आले आणि त्यांनी कपिलवस्तूची बातमी सांगितली. गौतम गेल्यावर नगरीत युद्धाविरुद्ध मोठी चळवळ उठली होती. पुरुष, स्त्रिया, मुलगे आणि मुली निशाणे घेऊन रस्त्यावर आल्या, त्यांनी मिरवणुका काढल्या. कोलीय हे आपले भाऊ आहेत, भावाने भावाशी लढू नये, सिद्धार्थाने पत्करलेला वनवास आठवा, अशा अर्थाच्या त्यांच्या घोषणा होत्या. याचा परिणाम असा झाला की शाक्य संघाला पुन्हा बैठक बोलवावी लागली. या वेळी बहुमत समेटाच्या बाजूने पडले. शाक्यांनी पाच दूत निवडले. ते ऐकून कोलीयांनाही आनंद झाला आणि त्यांनीही आपले पाच निवडले. दहाजणांनी बसून कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरवले. पाण्याच्या प्रत्येक तंट्याचा निर्णय त्या मंडळाने द्यावा आणि तो दोन्ही बाजूंनी मानावा, असे ठरले. युद्ध टळले.

म्हणजे काय झाले, हे नीट पाहा. संघाच्या सभेत एकटा सिद्धार्थ जे करू शकला नाही, ते रस्त्यावर उतरलेल्या सामान्य बायापुरुषांनी आणि मुलामुलींनी करून दाखवले. बाबासाहेबांनी बुद्धाचे चरित्र लिहिताना हिंसेविरुद्धचा शांततेचा मोर्चा त्या चरित्रातच गोवला आहे. तेव्हा बौद्ध माणसाने मोर्चात जाऊ नये असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचावे. आणि मोर्चात दगड घेऊन जावे असे म्हणणाऱ्यानेही तेच प्रकरण वाचावे.

या प्रकरणातून चार गोष्टी शिकायच्या आहेत. पहिली, युद्धाचा ठराव बहुमताने, रीतसर झाला होता. तरी नागरिकांनी संघाचे सभागृह पेटवले नाही. संघानेच पुन्हा बसावे, पुन्हा विचार करावा, एवढे त्यांनी करून घेतले. मोर्चाचे काम हेच असते. दुसरी, त्या मिरवणुकीत स्त्रिया आणि मुले बरोबरीने होती. तिसरी, घोषणा समोरच्याच्या आईबहिणीचा उद्धार करणाऱ्या नव्हत्या. ज्यांच्याशी लढाई व्हायची होती त्यांनाच त्या भाऊ म्हणत होत्या. आणि चौथी, शेवट नुसत्या निषेधात झाला नाही. लवाद मंडळ नावाची एक पक्की व्यवस्था उभी राहिली.

अहिंसा म्हणजे गप्प बसणे नव्हे

काही लोक आपल्याला टोमणा मारतात की बुद्धाच्या अहिंसेने माणूस दुबळा होतो. बाबासाहेबांनी याच ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. नियम आणि तत्त्व यांत त्यांनी फरक केला. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. बुद्धाने अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक त्यात आहे. सर्वांवर इतके प्रेम करावे की कुणाला मारण्याची इच्छाच उरू नये, हा त्याचा गाभा.

म्हणून अन्याय पाहून घरात बसणे ही अहिंसा होत नाही. आणि सूडाने पेटून रस्त्यावर येणे ही मारण्याची हौस झाली, तिला गरज म्हणता येत नाही. शांततेच्या मोर्चात या दोन्हींच्या मधली वाट आहे. ती सोपी नाही. हाताशी दगड असताना हात खाली ठेवायला, दगड मारण्यापेक्षा जास्त बळ लागते.

महाड आणि नाशिक

हे बळ आपल्या आजोबा-पणजोबांनी दाखवले आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे रांगेने चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नंतर अफवा उठवली गेली की ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपावर चालून गेला. जेवत असलेल्या माणसांना मारले, बायाबापड्यांनाही सोडले नाही. आपल्या बाजूला फौजेतून आलेले धट्टेकट्टे जवान होते. शब्द मिळण्याचा अवकाश होता. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी माणसांना आवरले आणि कायद्याचा रस्ता धरला. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा तळ्याबाबत न्यायालयाचा मनाई हुकूम होता. बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा सत्याग्रह थांबवला आणि तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक नेली. पुढे दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. मार खाऊन जे पाणी प्यायलो, त्यावरचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा धडा तर घरचाच आहे. २ मार्च १९३० रोजी, रविवारी, नाशिकला काळाराम मंदिराकडे मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे चार-चारच्या रांगेत चालत होती आणि रांग जवळजवळ मैलभर लांब होती. पुढे बँड, मागे स्वयंसेवक, पाचशेच्या आसपास स्त्रिया, मग पुरुष. ज्यांना लोक अडाणी म्हणत होते, त्यांची ही शिस्त होती. दिंड्या दरवाजे बंद होते, पोलीस उभे होते. मिरवणुकीने दार फोडले नाही. ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे तिची सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून दारापुढे सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, बाबासाहेबांनाही मार लागला. तरीही दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली हा सत्याग्रह १९३४ पर्यंत चालला. त्या काळात घरे अडली, कामे गेली, शाळा तुटल्या. माणसे मात्र हटली नाहीत.

बाबासाहेबांनी आंदोलन नको म्हटले होते काय?

येथे एक शंका येते आणि अभ्यासू वाचकाला ती यायलाच हवी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की आता संविधानाचे मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा रक्तपाताचा मार्ग तर सोडाच, कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हेही मार्ग सोडून दिले पाहिजेत. मग मोर्चा कसा चालेल?

उत्तर संविधानातच आहे. अनुच्छेद १९ ने नागरिकांना बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, तसेच शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचाही हक्क दिला आहे. 'शांततेने' आणि 'शस्त्राविना' हे दोन शब्द पाठ करून ठेवा. ज्या मोर्चात हे दोन शब्द पाळले जातात तो कायदेभंग नव्हे. तो संविधानाने दिलेल्या हक्काचा वापर आहे. ज्या क्षणी कुणाच्या हातात दगड येतो त्या क्षणी हा हक्क आपल्या हातातून निसटतो. या हक्कावर सुव्यवस्थेसाठी वाजवी बंधने घालता येतात, हेही संविधानच सांगते. १९७२ साली हिम्मतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की रस्त्यावरच्या सभेला पोलीस शिस्त लावू शकतात, वेळ आणि जागा ठरवू शकतात, पण सभा घ्यायचीच नाही असा मनमानी अधिकार त्यांना देता येत नाही.

आपल्या काळातले मोर्चे

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी सकाळी फिरून परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. विचारांना गोळीने उत्तर देण्याची ही राजकीय हिंसा होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? पुण्यात ते त्याच पुलावर पुन्हा पुन्हा जमले. कोल्हापुरात 'निर्भय मॉर्निंग वॉक' सुरू झाला. ज्या चालण्यावर गोळी घातली, तेच चालणे ते सर्वांनी मिळून चालू लागले. त्यांनी एक काच फोडली नाही. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयात लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. पावणेअकरा वर्षे लागली. शांततेच्या मार्गाला वेळ लागतो हे मान्य केले पाहिजे.

डिसेंबर २०२४ हा महिना तर आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. ९ डिसेंबरला बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन मारले गेले. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, त्याला हिंसक वळण लागले, मोडतोड-जाळपोळ झाली आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला.

बांधवांनो, येथे दोन गोष्टी एकाच वेळी मनात ठेवायच्या आहेत. कोठडीतल्या माणसाचा जीव जाणे याला कोणतीही मोडतोड कारण होऊ शकत नाही. त्याचा जाब मागितलाच पाहिजे. आणि त्याच वेळी हेही खरे की ज्या दिवशी दुकाने फुटतात, त्या दिवशी संविधानाच्या विटंबनेची चर्चा मागे पडते आणि फुटलेल्या दुकानांची सुरू होते. नंतर धरपकड होते ती आपल्या वस्तीत होते. दगड मारणारा बऱ्याचदा पळून जातो. सापडतो तो रस्त्याच्या कडेला उभा असलेला.

त्यानंतर जे घडले ते मात्र शिकण्यासारखे आहे. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला आणि त्यात सर्व जातींचे लोक आले. पुढच्या काही मोर्चांत संतोष देशमुख आणि सोमनाथ सूर्यवंशी ही दोन्ही नावे एकत्र घेतली गेली. १७ जानेवारी २०२५ रोजी परभणीहून मुंबईकडे पायी लाँग मार्च निघाला. जालना, औरंगाबादच्या बाजूने चालत तो फेब्रुवारीत नाशिकला आला आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तेथे थांबला. तो पुढे निघाला असता तर आपल्या घोटीवरूनच गेला असता. सोमनाथच्या आईने न्यायालयाचे दार सोडले नाही. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पाय रस्त्यावर आणि कागद न्यायालयात, अशी ही जोडी आहे. महाडलाही तीच होती.

आणखी एक गोष्ट. कपिलवस्तूचे लोक कोलीयांसाठी रस्त्यावर आले होते, म्हणजे परक्यांसाठी. आपल्या माणसाला मार बसला तरच आपण मोर्चात जायचे, ही सवय आपण सोडली पाहिजे. दुसऱ्या समाजाच्या, दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा खून पडला तरी निळा झेंडा त्या मोर्चात दिसावा. नाहीतर आपल्या दुःखाच्या दिवशी आपणच एकटे पडू.

पंचशील बरोबर घेऊन चाला

घोटीकरांना मोर्चा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, कारण मुंबई-आग्रा रस्ता आपल्या दारातून जातो. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला तो घोटी, इगतपुरी, कसारा घाट उतरून मुंबईला गेला. हजारो आदिवासी शेतकरी, पुष्कळांच्या पायांत धड चपला नव्हत्या. ११ मार्चच्या रात्री ते मुंबईत शीव येथे मुक्कामी होते. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. मुलांना वाहतुकीचा खोळंबा होऊ नये म्हणून ती दमलेली माणसे रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेली. शिक्षक म्हणून मला या एका गोष्टीचे मोल फार वाटते. ज्या शहराला ते दिसतही नव्हते, त्या शहराच्या मुलांची त्यांनी काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी ते शहर त्यांच्यासाठी पाणी आणि खाऊ घेऊन उभे राहिले.

ही शिस्त आपल्याकडे पंचशीलाच्या रूपाने आधीच आहे. आपण ते दर वंदनेला म्हणतो. मोर्चात ते पाळायचे म्हणजे काय, ते पाहू.

पहिले शील, जीवहिंसा न करणे. दगड, काठी, बाटली बरोबर घ्यायची नाही. झेंड्याची काठी पातळ असावी. समोरून दगड आला तर हात जोडून खाली बसावे किंवा बाया-मुलांना मध्ये घेऊन रांगेने मागे सरकावे. पळू नये, पळापळीत माणसे चेंगरतात. पोलिसांना शिव्या देऊ नयेत. त्या गणवेशात आपल्याच घरांतली मुलेमुली उभी असतात.

दुसरे शील, न दिलेले न घेणे. हातगाडीवरची केळी, टपरीवरचा चहा, दुकानातली पाण्याची बाटली पैसे देऊनच घ्यावी. घोटीहून गाडीने नाशिकला किंवा मुंबईला जायचे असेल तर तिकीट काढावे. एस.टी.ची काच फोडू नये. त्याच एस.टी.ने आपली मुले शाळेत जातात.

तिसरे शील. मोर्चात आलेल्या प्रत्येक मुलीला घरच्याइतके निर्भय वाटले पाहिजे. गर्दीचा फायदा घेणारा कुणीही असो, स्वयंसेवकांनी त्याला तेथेच बाजूला काढावे.

चौथे शील, खोटे न बोलणे. आज अफवा तोंडाने पसरत नाही, मोबाइलवरून पसरते. कुठल्या तरी जुन्या दंगलीचे चित्र आजचे म्हणून येते आणि पाच मिनिटांत वस्ती पेटते. महाडला एका अफवेने काय केले ते आपण पाहिले. खात्री केल्याशिवाय एकही निरोप पुढे पाठवू नये. घोषणेतही जे सिद्ध झालेले नाही ते बोलू नये. 'चौकशी करा' म्हणावे. 'अमक्याला फाशी द्या' म्हणू नये.

पाचवे शील, मद्यपान न करणे. बावीस प्रतिज्ञांतही हे आहे. प्यायलेला एक माणूस हजार माणसांचा मोर्चा बिघडवतो. त्याला प्रेमाने घरी पोहोचवावे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर

आता पोरावर केस पडण्याच्या भीतीविषयी. शांततेने चालणाऱ्यावर कधीच गुन्हा दाखल होत नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पण धोका पुष्कळ कमी करता येतो आणि तो कसा, हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावे.

मोर्चाची माहिती पोलीस ठाण्याला आधी लेखी द्यावी. तारीख, वेळ, कोठून कोठे, अंदाजे किती माणसे आणि जबाबदार पाच जणांची नावे लिहावीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यावी. परवानगीत घातलेल्या अटी सर्वांना वाचून दाखवाव्यात. जमावबंदी असेल तर मोर्चा काढू नये. पूर्वी जी फौजदारी संहितेची कलम १४४ होती, ती १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेची कलम १६३ झाली आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालीही असा हुकूम निघतो. अशा वेळी चार-दोन जबाबदार माणसांनी निवेदन घेऊन जावे, हुकूम चुकीचा वाटला तर न्यायालयात जावे. बाबासाहेबांनी मनाई हुकूम मानून तळ्याला फेरी घातली, हे विसरू नये.

मोर्चात आपल्या वस्तीची माणसे एकत्र चालावीत, म्हणजे अनोळखी माणूस मध्ये घुसला तर लगेच दिसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोघांनी मोबाइलवर चित्रण करावे. दगडफेक झालीच तर तमाशा पाहत थांबू नये, सर्वांनी मिळून लगेच बाहेर पडावे. कुणाला अटक झाली तर अनुच्छेद २२ प्रमाणे त्याला अटकेचे कारण कळले पाहिजे, वकिलाला भेटता आले पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. एका वकिलाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवावा.

मुलांना न्यावे का? लहानग्यांना फार लांबच्या किंवा तणावाच्या मोर्चात नेऊ नये. पण गावातल्या शांत मोर्चात, दिवसाउजेडी, आईवडिलांचा हात धरून मुलाने जरूर चालावे. कपिलवस्तूची मुले चालली होती. आपण कशासाठी चाललो हे त्याला आदल्या दिवशी समजावून सांगावे. परीक्षा असेल तर मात्र त्याने परीक्षाच द्यावी.

मोर्चा संपल्यावर

मोर्चा तहसील कचेरीपुढे थांबतो, निवेदन दिले जाते, राष्ट्रगीत होते आणि माणसे घरी जातात. खरे काम तेथून सुरू होते. निवेदनात मागण्या थोड्या आणि नेमक्या असाव्यात. चौकशी कुणी करावी, किती दिवसांत करावी, पीडित कुटुंबाला संरक्षण कुणी द्यावे, हे लिहावे. पंधरा दिवसांनी उत्तर विचारायला पुन्हा जावे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळल्या. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. नामांतर झाले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली चौदा वर्षे पाठपुरावा झाला नसता तर तो मार्च इतिहासजमा झाला असता.

कपिलवस्तूची बातमी ऐकून गौतमाला आनंद झाला, पण तो घरी परतला नाही. एक युद्ध टळले. माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला जो झगडा रोज चालू असतो, तो कसा थांबेल, हा मोठा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला आणि त्याच्या शोधात तो पुढे गेला. आपणही मोर्चाहून घरी आल्यावर स्वतःला विचारावे, आपल्या घरात, आपल्या आळीत, पाण्याच्या नळावर आणि निवडणुकीच्या दिवसांत आपण भांडण कसे मिटवतो? दोन त्यांचे, दोन आपले आणि एक सर्वांचा, अशी पाच माणसे बसवण्याची सवय आपल्या वस्तीला लागली, तर पुष्कळ मोर्चे काढण्याची वेळच येणार नाही.

घरी किंवा विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. शाक्य संघाने आपला निर्णय का बदलला? नागरिकांनी त्यासाठी काय केले आणि काय केले नाही?
२. नियम आणि तत्त्व यांत फरक काय? रोजच्या जीवनातले एक उदाहरण द्या.
३. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मनाई हुकूम का मानला असेल?
४. दुसऱ्या समाजावर हल्ला झाला तेव्हा आपल्या वस्तीने काय केले? यापुढे काय करता येईल?
५. आपल्या वस्तीतले तंटे मिटवण्यासाठी पाच माणसे निवडायची झाली तर ती कशी निवडाल? त्यांत स्त्रिया किती असतील?

जयभीम! नमो बुद्धाय!

— एक शिक्षक, घोटी (ता. इगतपुरी, जि. नाशिक)